खोकं चिकटवण्याआधी : सायकल घेऊन परदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं डॅन्यूबकाठच्या सायकलवाटेबद्दल आली. जर्मनीतलं पासाउ, मग व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट. युरोव्हेलो ६ या लांबलचक मार्गाचा हा सोपा तुकडा. पासाउ ते व्हिएन्ना साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे आणि रस्ता जवळजवळ सपाट. त्यामुळे पायांबद्दल कुणी विचारलेलं नाही, सगळे अडलेत कागदांशी आणि विमानासाठी सायकल भरायच्या खोक्याशी.

विमान म्युनिकला उतरतं, म्हणून व्हिसा जर्मनीचा काढायचा ना? मुक्काम असे : पासाउ १, ऑस्ट्रिया ७, ब्रातिस्लाव्हा १, हंगेरी ४. शिवाय काही रात्री तंबूत काढायच्या आहेत. (नाशिक)

नाही, ऑस्ट्रियाचा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच भरत असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, तेव्हा शेवटच्या तारखेवर विसंबू नका. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

मुक्कामाचा पुरावा लागतोच. ‘वाटेत जागा दिसेल तिथे तंबू टाकू’ हे अर्जात लिहू नका. एक तर जर्मनी-ऑस्ट्रियात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, दुसरं म्हणजे त्याचा कागद कुठून आणणार? कॅम्पसाइटचं आरक्षण चालतं. रोजच्या टप्प्यांचा तक्ता जोडा : तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, मुक्काम. आणि तक्त्यातल्या रात्री आरक्षणांशी जुळतात का, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. एका रात्रीची चूक अशा तक्त्यात हमखास निघते.

बुडापेस्टच्या पुढे सर्बियात शिरायचा मोह होणार असेल, तर आत्ताच ठरवा. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर तिकडे गेलात, की रोमानिया-बल्गेरियात पुन्हा शिरता येणार नाही. ते दोन्ही देश १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत. त्यासाठी अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागावा लागतो.

माझी सायकल महागडी आहे, कार्बन फ्रेमची. परत येताना मुंबईत कस्टम्स ड्युटी मागतील का? (पुणे)

ही तुमचीच, इथूनच नेलेली सायकल आहे, हे दाखवता आलं तर नाही. त्यासाठी जातानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. गोची इथेच होते. अधिकाऱ्याला वस्तू बघायची असते, आणि चेक-इन झालं की खोकं पट्ट्यावरून आत गेलेलं असतं. म्हणून क्रम असा : आधी कस्टम्स, मग चेक-इन. नेहमीपेक्षा तासभर लवकर पोहोचा.

सोबत बिलाची प्रत, पासपोर्ट, तिकीट आणि फ्रेम नंबरचा स्पष्ट फोटो हवा. हा नंबर बहुधा पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या तळाला कोरलेला असतो. म्हणजे खोक्यात नेमका सगळ्यात खाली जातो. घरीच खोक्याला त्या जागी हाताएवढी झडप कापून ठेवा, सगळी सायकल उपसावी लागत नाही. टेपचा रोल जवळ असू द्या. कटर हातसामानात चालत नाही, म्हणून हाताने फाटणारी कागदी टेप बरी. प्रमाणपत्रावर ‘सायकल १ नग’ एवढंच नको. मेक, मॉडेल, रंग आणि फ्रेम नंबर आलाय ना, ते तिथेच वाचून घ्या. नंबर नसलेला कागद परतताना निरुपयोगी.

जुनी, साधी सायकल असेल तर एवढा खटाटोप करायची गरज नाही, बिलाची प्रत पुरते. तिकडे नवी सायकल घेतलीत, तर मात्र ती येताना रेड चॅनेलला (शुल्क लागणारं सामान दाखवायच्या वाटेवर) जाहीर करायची.

हार्ड केस घ्यावी की पुठ्ठ्याचं खोकं? भरताना काय बिघडतं? (ठाणे)

म्युनिकला उतरून बुडापेस्टहून परतणार असाल, तर पुठ्ठाच. हार्ड केस सहाशे किलोमीटर कोण वाहणार? सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची खोकी रिकामी पडलेली असतात. बुडापेस्टमधल्या दुकानाला परतीच्या आठवडाभर आधी ईमेल करून एक राखून ठेवायला सांगा.

खोलताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. पाना १५ मिमीचा, किंवा पेडलनुसार ६ किंवा ८ मिमीची ॲलन की. सीटपोस्टवर उंचीची खूण टेपने करून मग खाली करा. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) हँगरवरून, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या छोट्या तुकड्यावरून सोडवून, फडक्यात गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधा. खोकं आडवं आपटलं की सगळ्यात आधी वाकतो तो हँगर, आणि तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तुमच्या मापाचा पासाउच्या दुकानात मिळेलच असं नाही. एक जादा हँगर इथूनच घेऊन जा. चाक काढलेल्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) टोकांत प्लॅस्टिकचा स्पेसर अडकवा, नाहीतर दाबाने फोर्क आत येतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा हवाच. प्रवासात लिव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि तिकडे रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही.

टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण सोडू नका. ट्यूबलेस असेल तर बीड (रिमला धरून बसणारी टायरची कड) सुटून सीलंट, म्हणजे आतला पंक्चर बुजवणारा द्रव, खोक्यात पसरतं.

वजनाची कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी एका नगाला ३२ किलो, पण तिकिटात बऱ्याचदा २३ धरलेले असतात. तिकीट काढल्याबरोबर एअरलाइनला सायकल कळवा आणि लेखी उत्तर छापून घ्या.

पॉवर बँक, ई-बाइक, खाऊ : काय चालतं? (कोल्हापूर)

पॉवर बँक फक्त हातसामानात, १०० वॉट-तासांपर्यंत. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा : २०,००० ची ७४ भरते, चालते. ई-बाइकची बॅटरी १६० वॉट-तासांच्या वर असल्याने प्रवासी विमानात घेत नाहीत. ई-बाइक तिकडेच भाड्याने घ्या. स्टोव्हचा गॅस कॅन नेऊच नका. कार्बन डायऑक्साइडच्या पुंगळ्यांना एअरलाइनची परवानगी लागते, त्यापेक्षा हातपंप सोपा.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खव्याची पोळी आणि साजूक तूपही घरीच. तेलातला चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. कढीपत्त्याची ताजी पानं मात्र नकोत.

म्युनिकला इमिग्रेशनवाले काय विचारतात? तिथे सायकल कस्टम्सला दाखवायची का? (मडगाव)

कुठे, किती दिवस, परतीचं तिकीट, पैसे. ‘पासाउ ते बुडापेस्ट, सायकलने, १३ रात्री’ एवढं उत्तर पुरे; तक्ता आणि आरक्षणं छापील ठेवा, फोनची बॅटरी रात्रभराच्या प्रवासात उतरलेली असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात आणि रांग लांबते. पासाउच्या गाडीसाठी दोन-तीन तास हाताशी ठेवा. फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, खोकं मात्र म्युनिकला, मोठ्या सामानाच्या वेगळ्या पट्ट्यावर येतं.

स्वतःची वापरातली सायकल सोबत परत नेणार असाल, तर ग्रीन चॅनेलने बाहेर पडा. तिकडे विकून यायचा विचार असेल, तर ते वैयक्तिक सामान राहत नाही, शुल्क लागतं.

हेच सगळं न्यूझीलंडला लागू पडतं का? (पुणे)

खोक्यापुरतं. तिथे पैशांपेक्षा मातीला घाबरतात, तिच्यासोबत कीड-रोग येतील म्हणून. टायरच्या खाचा, पेडल, मडगार्डची आतली बाजू, तंबूचे खिळे आणि बुटांचे तळवे ब्रशने घासून पूर्ण वाळवूनच भरा. स्वच्छ असली तरी वापरलेली सायकल आणि तंबू प्रवासी घोषणापत्रात जाहीर करा. जाहीर करून माती सापडली, तर बहुधा साफ करायला लावतात. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.