असईचे शिपाई रंगवताना: तांबडा म्हणजे नेमका कोणता तांबडा?

तुमची अडचण अशी की असईच्या लढाईसाठी (२३ सप्टेंबर १८०३) शिंद्यांचे कवायती कंपू आणि इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज, टेबलावर लढाई खेळायच्या २८ मिलिमीटरच्या छोट्या पुतळ्यांत रंगवायला घेतली, पण नेटवरच्या दर चित्रात पोशाख वेगळा दिसतो. कोणते चित्र खरे धरायचे?

रंगाच्या बाटल्या आज उघडूच नका. जमवलेल्या प्रत्येक चित्राखाली दोन गोष्टी लिहा: ते कोणत्या साली काढले, आणि काढणाऱ्याने तो माणूस डोळ्यांनी पाहिला होता का. निम्मी चित्रे इथेच गळतात. वेलस्लीचा पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर, नेपोलियनच्या पाडावानंतर, लंडनमध्ये असईच्या चित्रांना गिऱ्हाईक होते. त्यांत धूर आणि घोडे झकास आहेत, पण शिपाई बहुतेक युरोपातल्या लढाईतून उचलून आणलेले.

हे शहाणपण मला चोवीस मुंडकी कापून आले. मद्रासी शिपायांची एक पलटण महिनाभर खपून रंगवली, डोक्यावर उंच ताठ टोपीवजा पागोटे. मग वेल्लोरच्या बंडाबद्दल वाचताना डोक्यात प्रकाश पडला. मद्रासच्या फौजेत नव्या धर्तीच्या, कातडी तुरा लावलेल्या पागोट्याचा हुकूम निघाला १८०५ च्या अखेरीस. ते टोपीसारखे दिसते, धर्म बुडवते, म्हणून शिपाई बिथरले आणि जुलै १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात रक्तपात झाला. माझी मुंडकी तर त्याच्याही नंतरच्या काळातली निघाली. असईच्या शिपायाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी तंजावरच्या चितार्‍यांनी कंपनीच्या साहेबलोकांसाठी काढलेली शिपाई आणि त्याची बायको अशी जोडचित्रे बघा. तांबडा कोट, निळे पागोटे, मांड्यांपर्यंतची आखूड पांढरी चड्डी, खाली उघडे पाय आणि चपला. त्या उघड्या मांड्या रंगवायला हात धजत नाही, अपुरे राहिल्यासारखे वाटते. तरी तसेच रंगवा.

आता शिंद्यांच्या बाजूकडे. इथे लोक सर्रास चूक करतात ती म्हणजे सगळ्यांना अंगरखा आणि भगवे पागोटे. महादजींनी द बॉयन या फिरंगी अधिकाऱ्याकडून उभी करवलेली आणि पुढे पेराँच्या हाताखाली गेलेली कवायती फौज म्हणजे कंपू. असईला त्यातली एक तुकडी हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली होती, जोडीला बेगम समरूच्या पलटणी. या पायदळात दोन जाती वेगळ्या धरा. तेलंगे म्हणजे कंपनीच्या शिपायाच्या धर्तीवर सजवलेले, तांबड्या कोटातले, संगिनीची बंदूक घेतलेले. नजीब मात्र देशी पोशाखात, तोड्याच्या बंदुका घेऊन. नजिबांच्या पलटणीत मी कोणतेही दोन शिपाई शेजारी एका रंगाचे ठेवत नाही.

मग टेबलावर तांबड्यासमोर तांबडे येते आणि खेळणारा ओरडतो की माझे कोण, तुझे कोण! या ओरडण्याला घाबरून तेलंग्यांना निळे करू नका. खरी मौज त्या तांबड्यातच आहे. गोऱ्या पलटणीतल्या साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठात रंगवलेला असे, म्हणजे विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोट किरमिजी किड्याच्या रंगाचा, झळझळीत. आपल्या जुन्या कागदांत सकलाद आणि बनात हे शब्द भेटतात ते याच विलायती लोकरी कापडाचे. म्हणून बाटलीवर 'स्कार्लेट' लिहिलेला रंग अख्ख्या पलटणीला फासू नका, तो अधिकाऱ्यापुरता राखा. शिपायांना विटकरी तांबड्यात चिमूटभर पिवळी माती मिसळून द्या. मी कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिकमध्येच हे करतो, परदेशी बाटल्यांचे भाव परवडत नाहीत. कंपूचा तांबडा त्याहून एक पायरी मळका ठेवतो आणि दर पलटणीला मिश्रण थोडे बदलतो. हा माझा कयास आहे, पण चार महिने पावसात आणि चिखलात काढलेली फौज एका छटेची राहिली असेल हे मला पटत नाही.

कंपूसाठी लोक हमखास पुढे करतात ती ब्रॉटनची चित्रे. हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतरावांच्या छावणीत होता, त्याची पत्रे १८१३ मध्ये छापली गेली, आणि त्यातली चित्रे देशी चितार्‍याच्या हातची आहेत. म्हणजे पाहून काढलेली, आपल्या कसोटीला उतरणारी. पण साल बघा. पोलमनची तुकडी असईला मोडली, उत्तरेतल्या पलटणी १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीला संपल्या. ब्रॉटनने पाहिली ती त्यानंतरची छावणी. तेव्हा त्याच्याकडून स्वार, बाजारबुणगे, उंट, तंबू घ्या, तेलंगे घेऊ नका. सरदारांसाठी विलायती चित्रकार जेम्स वेल्स उपयोगी. तो १७९५ साली वारला, त्याआधी काही वर्षे पुण्यात होता, सवाई माधवराव, नाना आणि महादजी त्याने रंगवले. त्याचा आणि पुण्याचा चितारी गंगाराम तांबट याचा चित्रसंग्रह येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे, त्यातले बरेच नेटवर दिसते. अंगरखा, शेला, पागोट्याचे वळण यासाठी इतके जवळचे दुसरे काही नाही. फक्त पुण्याच्या दरबारातली पगडी शिंद्यांच्या स्वाराच्या डोक्यावर चढवू नका, ते पाहून कोणी जाणकार हसल्याशिवाय राहणार नाही.

मराठी येते याचा फायदाही उठवा. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत छापले आहेत, मोडी वाचता येत नसली तरी ते बाळबोधीत वाचता येतात. त्यांत 'गणवेश' हा शब्द शोधाल तर हाती काही लागणार नाही. पोशाख, बनात, सकलाद, तेलंगे, गारदी, कंपू असे शोधा.

गोऱ्या पलटणींचे मात्र सोपे आहे, नियमच छापलेले सापडतात. ७४ वी आणि ७८ वी या वेलस्लीच्या दोन स्कॉटिश (हायलँडर) पायदळ पलटणी. ७४ वीची कॉलर आणि बाह्यांचे कफ पांढरे. ७८ वीचे बदामी, आणि तिचे पट्टेही बदामी, पांढरे नव्हेत. १९ वे लाइट ड्रॅगून स्वार इंग्लंडमधल्या गडद निळ्यात नाहीत, उष्ण मुलखासाठीच्या करड्या-निळ्या कोटात आहेत, कॉलर आणि कफ पिवळे. ७४ वी हायलँडर म्हणून तिला किल्ट (स्कॉटिश घागरा) देऊ नका, हिंदुस्थानच्या उन्हात तिने तो सोडला होता. पांढरी विजार आणि काळी गोल टोपी द्या. ७८ वीच्या किल्टवरून रंगवणारे हमरीतुमरीवर येतात. मी विजारी रंगवल्या आणि त्या वादातून बाहेर पडलो. केसांची मागे बांधलेली वेणी मात्र सगळ्या गोऱ्या शिपायांना हवी, ती १८०८ मध्ये गेली.

आणि निशाणावरचा हत्ती! विकत मिळणाऱ्या छापील निशाणांवर ७४ वीला हमखास हत्ती असतो. तो मान तिला असईतल्या कामगिरीबद्दलच मिळाला, लढाईनंतर. लढाईत तो निशाणावर कुठून येणार? पांढऱ्या रंगाने झाकून टाका.

शेवटी पुतळ्यांच्या पायाखालच्या तळाविषयी, कारण तुमच्या फोटोत मला पिवळी वाळू दिसली. असई जालना जिल्ह्यात आहे, भोकरदनच्या बाजूला. मी तिथे सप्टेंबरातच गेलो होतो. इंग्रजी नकाशातली कैटना म्हणजे आपली खेळणा आणि जुआ म्हणजे जुई, त्या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात सगळी लढाई झाली. पायाखाली काळी चिकट माती, बांधावर गुडघाभर गवत, आणि शंभर पावले चालल्यावर बुटांना शेर-शेर चिखल. तेव्हा वाळू खरवडून टाका. गडद तपकिरी-काळ्यावर थोडे हिरवे द्या, आणि मद्रासी शिपायांच्या त्या उघड्या पायांना घोट्यापर्यंत तोच काळा लावा. ते वेलस्लीबरोबर खेळणा ओलांडून आलेत, पाय कोरडे असायचे नाहीत.