लोअर आर्मचे बुश: सहा हजारांची दुरुस्ती की पाच लाखांचे कर्ज?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची 2016 सालची पेट्रोल हॅचबॅक 96,000 किलोमीटर चालली आहे. गतिरोधकावरून जाताना पुढून खटकन आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढते आणि आठ महिन्यांपूर्वी 9,600 रुपयांना घेतलेले पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजले आहेत. लोअर आर्मचे बुश गेल्याचे निदान दोन ठिकाणी झाले. अधिकृत वर्कशॉपने 19,400 रुपयांचा अंदाज दिला आणि ती रक्कम क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी भरण्याचा पर्यायही सुचवला. ओळखीच्या गॅरेजने नुसते बुश बदलण्याचे 4,200, तर दोन्ही आर्म नवे घातल्यास 6,300 रुपये सांगितले. घरच्यांचे म्हणणे मात्र असे की जुन्या गाडीत आता पैसा घालू नये. ती 1,90,000 रुपयांना देऊन पाच लाखांचे कर्ज काढावे आणि नवी घ्यावी.

आपण दुरुस्ती करून घ्यावी, ती याच महिन्यात करावी, आणि 19,400 रुपयांची करू नये, असे माझे मत आहे. त्यामागचे हिशेब पुढे मांडतो.

लोअर आर्म चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडतो आणि त्या जोडावर लोखंडी नळीत बसवलेले रबर म्हणजे बुश. रस्त्याचा धक्का ते पचवते आणि चाकाला ठरलेल्या कोनात धरूनही ठेवते. वय, उष्णता आणि खड्डे यांमुळे रबर चिरले की ब्रेक दाबताच आर्म मागेपुढे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. म्हणूनच आपण आठ महिन्यांत दोनदा केलेले व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मापात लावणे, टिकले नाही, आणि त्यावरचे 1,000 रुपये वाया गेले. बुश बदलल्याशिवाय तिसऱ्यांदा अलाइनमेंट करू नये.

आता दुरुस्ती न करण्याची किंमत पाहू. आपली गाडी महिन्याला साधारण 1,000 किलोमीटर चालते. हे टायर 40,000 किलोमीटर चालले असते तर त्यांचा खर्च किलोमीटरला 24 पैसे पडला असता; सध्याच्या झिजेने ते 16,000 किलोमीटरवर बाद झाले तर तो 60 पैसे होईल. फरक महिन्याला 360 रुपयांचा. म्हणजे 6,300 रुपयांची दुरुस्ती केवळ टायरच्या बचतीतून भरून यायला सतरा-अठरा महिने लागतील. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर निव्वळ टायरचा हिशेब दुरुस्तीच्या बाजूने लागत नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. तरीही माझा सल्ला बदलत नाही, कारण आपण दर पंधरवड्याला आईंना भेटायला खंबाटकीवरून पुण्याला जाता, आणि जोरात ब्रेक मारताना एका बाजूला ओढणारी गाडी पावसाळ्यात घाटात नेणे हा पैशांत मोजण्याचा धोका नाही. शिवाय विकताना घेणारा हाच आवाज ऐकून दुरुस्तीपेक्षा अधिक रक्कम कापून मागेल.

विम्याकडून या खर्चात काही मिळणार नाही. सर्वसाधारण वाहन विम्यात वापरातून होणारी झीज वगळलेली असते. झिरो डेप्रिसिएशनचे जोडकलमही अपघाताच्या दाव्यात सुट्या भागांच्या घसाऱ्यापुरतेच उपयोगी पडते.

वर्कशॉपच्या अंदाजाची फोड आपण पाठवली, हे फार बरे झाले. त्यात दोन आर्म 6,000, दोन शॉक अॅब्झॉर्बर 7,800, त्यांची माउंटिंग 2,000, लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडसळी) 1,400, मजुरी 1,700 आणि अलाइनमेंट 500 असे धरले आहे. यातील निदान झालेला दोष फक्त आर्मचा आहे. शॉक अॅब्झॉर्बरमधून तेल गळत असेल किंवा गाडी दाबून सोडल्यावर पुन्हापुन्हा उसळत असेल तरच ते बदलावेत; 'उघडतोच आहोत तर सगळे करून टाकू' हे कारण पुरेसे नाही. लिंक रॉड हलवून दाखवायला सांगावा आणि ढिला असेल तर जरूर बदलावा, तो खर्च लहान आहे. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांचा पर्याय मात्र नाकारावा. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागू शकतो, आणि कार्डाची थकबाकी एकदा फिरत राहिली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज बसते.

गॅरेजच्या दोन पर्यायांत 2,100 रुपयांचा फरक आहे. बऱ्याच लहान गाड्यांत बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा, आर्मलाच बसवलेला असतो, त्यामुळे आर्म बदलला की तोही नवा मिळतो. 96,000 किलोमीटर चाललेला जुना जॉइंट ठेवून नुसते बुश प्रेस यंत्राने दाबून बसवले आणि वर्षभरात जॉइंट गेला, तर नव्या आर्मच्या किमतीखेरीज मजुरी आणि अलाइनमेंट मिळून 1,700 रुपये पुन्हा भरावे लागतील. म्हणून मी 6,300 रुपयांचा पर्याय निवडेन. जॉइंटमध्ये अजिबात ढिलेपणा नसेल आणि त्याचे रबरी आवरण शाबूत असेल, तर नुसते बुश बदलणेही चुकीचे ठरणार नाही. मात्र काहीही बदलले तरी ते दोन्ही बाजूंचे बदलावे.

काम देताना एक गोष्ट आग्रहाने सांगावी, कारण आपले पैसे टिकणे बहुतांशी तिच्यावर अवलंबून आहे. आर्मचे बुशातून जाणारे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. चाके हवेत लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, कायम ताणात राहते आणि लवकर फाटते. बुशावर इंजिनाचे तेल ठिबकत नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. भागांचा उल्लेख असलेले पक्के बिल आणि कामाची हमी लेखी घ्यावी.

नव्या गाडीचा विचार मी हलक्यात घेत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे घरच्यांना हीच वेळ योग्य वाटणे स्वाभाविक आहे. पण पाच लाखांच्या कर्जाचा 9 टक्क्यांनी पाच वर्षांचा मासिक हप्ता सुमारे 10,380 रुपये होतो आणि व्याजच सव्वा लाखाच्या जवळ जाते. आपली महिन्याची शिल्लक 14,000 रुपये आहे, आणि मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश दोन वर्षांवर आला आहे. हप्ता भरल्यावर उरणाऱ्या साडेतीन हजारांत ती तयारी होणार नाही. आपल्या गाडीची नोंदणी 2031 पर्यंत वैध आहे, आणि इंजिन व गिअरबॉक्सची तक्रार नाही असे आपणच लिहिले आहे.

6,300 रुपये आपत्कालीन ठेवीतून काढावेत आणि चार महिने दरमहा 1,600 रुपये परत भरून ती पूर्ववत करावी; मुलीच्या शिक्षणासाठीची एसआयपी थांबवू नये. त्यानंतर तेच 1,600 रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत राहावे. टायर वर्षभरात बदलावे लागतील असे दिसते, तेव्हा हीच रक्कम कामी येईल. आतल्या कडेचे रबर खाचांमधल्या झिजेच्या खुणांपर्यंत आले असेल, तर मात्र वाट न पाहता ते आर्मसोबतच बदलावेत, आणि अलाइनमेंट नवे टायर चढल्यावरच करून घ्यावे.