डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) टाकला, तरी रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव शोधणं, लागत नाही. इंटरनेट प्रोव्हायडरला नेमकं काय कळवायचं?

तिथे टाकून उपयोग शून्य. आयपी ज्याचा, रिव्हर्स झोन (या उलट्या नोंदींचा विभाग) त्याचा. २०३.०.११३.२५ हा आयपी धरा. त्याची चौकशी २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा अशी उलटी होते आणि तो झोन प्रोव्हायडरच्या हातात असतो. डोमेनवाल्याचा त्यात काही संबंध नाही.

हेच मी भोसरीच्या आमच्या कारखान्यात घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होतो. लीज्ड लाइन, स्टॅटिक आयपी, स्वतःचा मेल सर्व्हर. कोटेशन जीमेलवर गेलं की ५५०-५.७.२५ हा एरर घेऊन परत, म्हणजे पीटीआर नाही किंवा तो जुळत नाही. प्रोव्हायडरचा अकाउंट मॅनेजर म्हणे, "सर, ते डोमेनवाल्याकडून होईल." मालकांचा भाचा, जो आमच्याकडे 'आयटी बघायचा', त्याने लगेच मान डोलावली आणि सर्व्हरच भंगार आहे असा निकाल दिला. तक्रारीच्या तिकिटावर तर कहरच. एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, स्पीड टेस्ट मारली आणि कागद पुढे केला, "स्पीड बरोबर आहे, सही करा."

सही केली नाही. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडला ट्रेस लावून आयपीची उलटी चौकशी केली, म्हणजे ती कोणाकोणाकडून जाते ते दिसतं. रूट, आर्पा, एपनिक (आशियात आयपी वाटणारी संस्था) आणि शेवटी प्रोव्हायडरचेच नेमसर्व्हर. ते आउटपुट सेल्सला न पाठवता थेट एनओसीला, म्हणजे प्रोव्हायडरचं नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमला पाठवलं. त्याच दुपारी रेकॉर्ड पडला, पण नावाच्या शेवटचा डॉट विसरून! डॉट नसला की झोनचं नाव मागे चिकटतं, म्हणून आमच्या होस्टनेमला (सर्व्हरच्या पूर्ण नावाला) ११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा असं लांबलचक शेपूट. पुन्हा फोन.

तर एनओसीला कंपनीच्या नोंदणीकृत मेलवरून आयपी, पूर्ण होस्टनेम आणि सर्किट आयडी (तुमच्या लाइनचा क्रमांक) कळवा. त्याआधी त्या होस्टनेमचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) त्याच आयपीवर लावून ठेवा. जीमेल दोन्ही बाजू जुळवून बघतं. सर्व्हरच्या हेलोमध्येही (मेल पाठवताना तो स्वतःची ओळख देतो तिथे) तेच नाव द्या. आठ आयपींचा ब्लॉक असेल तर आरएफसी २३१७ या इंटरनेट मानकाप्रमाणे डेलिगेशन, म्हणजे रिव्हर्स नोंदींचा ताबा स्वतःकडे, मागता येतं, पण एका मेल सर्व्हरसाठी ती उठाठेव करू नका.

घरगुती ब्रॉडबँड किंवा सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच आयपी) असेल तर हे सगळं विसरा, आधी स्टॅटिक आयपी घ्या. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर त्याचाही पीटीआर मागा. आणि हो, पीटीआर लागला म्हणून स्पॅममधून सुटका होईलच असं नाही, मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणारे एसपीएफ आणि डीकिम हवेतच.

भाचा नंतर म्हणाला, सगळं क्लाउडवर टाकलं असतं तर ही कटकटच नसती. टाका की! भाड्याच्या व्हीपीएसलाही (क्लाउडवरच्या सर्व्हरलाही) पीटीआर लागतोच. फक्त तिथे बहुतेकदा पॅनेलमध्ये त्यासाठी एक रकाना असतो आणि सही मागायला कोणी येत नाही.