वाचकांचे प्रश्न : समुद्रातील यंत्रे आणि सोलापूरचा पाऊस

गेल्या अंकात आम्ही ‘डीप ओशन मिशन’, म्हणजेच भारताच्या खोल समुद्र मोहिमेविषयी लेख दिला होता. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल समुद्रात नेण्यासाठीची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी याच मोहिमेचा भाग आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये या मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले, हा त्यातील उल्लेख अनेकांना खटकला. त्या लेखावर सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या मंगळवेढ्यात मालदांडी ज्वारीची पेरणी साधणार की नाही, हे सप्टेंबरच्या पावसावर ठरते. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्याच्या तळाशी माणूस उतरवण्यापेक्षा हा पैसा आमच्या भागातील बंधाऱ्यांना का देऊ नये? – एक शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : बंधाऱ्यांना पैसा मिळालाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र त्या बंधाऱ्यात साठणारे पाणी कोठून येते, हे पाहिले तर समुद्र आपल्याला वाटतो तितका दूर राहत नाही. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बरेचसे बाष्प सह्याद्रीवर रिते करून येथे पोहोचतात आणि जून-जुलैचे ढग कित्येकदा नुसतेच डोक्यावरून जातात. आपला सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरचा, आणि त्यातील बराचसा बंगालच्या उपसागरावर तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीला जी ओल मिळते, तिचे एक मूळ त्या उपसागरात आहे.

हा उपसागर फार वेगळा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी अशा मोठ्या नद्यांचे गोडे पाणी त्यात येऊन मिळते आणि वरून पाऊसही पडतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे दुधावर साय धरावी तसा त्याचा थर पृष्ठभागावर धरतो. वाऱ्याने हा थर सहजासहजी ढवळला जात नाही, खालचे थंड पाणी वर येत नाही, आणि उंच पावसाळी ढग उभे राहण्यासाठी जे साधारण २८ अंश सेल्सिअस तापमान लागते, ते पृष्ठभागावर टिकून राहते. म्हणून या उपसागरात तापमानाइतकीच क्षारताही मोजावी लागते. उपग्रहाला समुद्राची केवळ वरची कातडी दिसते. उबदार पाण्याचा थर दहा मीटरचा आहे की पन्नास मीटरचा, हे त्याला वरून कळत नाही. नेमका तोच फरक चक्रीवादळाचा जोर ठरवतो, कारण थर पातळ असेल तर वादळ स्वतःच खालचे थंड पाणी वर ओढते आणि मंदावते.

हे मोजण्यासाठी जी यंत्रे समुद्रात सोडली आहेत, त्यांतील आर्गो फ्लोट आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात. माणसाच्या उंचीच्या आसपासची ही नळकांडी असते. तिला पंखा नाही, सुकाणू नाही. पोटातील तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की तिचे आकारमान वाढते आणि ती वर येते. तेल आत ओढले की ती बुडते. फ्लोट एक हजार मीटर खोलीवर सुमारे नऊ दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहतो, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना वाटेतील प्रत्येक थराचे तापमान व क्षारता नोंदवतो. पृष्ठभागावर आल्यावर तो ही माहिती उपग्रहाकडे पाठवतो आणि पुन्हा बुडी मारतो. दर दहा दिवसांनी हेच चक्र, बॅटरी टिकेल तोवर काही वर्षे. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे चार हजार फ्लोट आहेत, भारतही या उपक्रमात सहभागी आहे, आणि ही माहिती एका दिवसाच्या आत कोणालाही विनामूल्य मिळते. बॅटरी संपलेले बहुतेक फ्लोट समुद्रातच राहतात, ही या योजनेची उणीव आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

भारताच्या फ्लोटांचे काम हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहते. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा त्या शहरालाही समुद्र नाही, तरीही देशाला त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र २००७ पासून तेथेच चालते. याखेरीज चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्रात नांगरलेले, मोजमापाची उपकरणे बसवलेले मोठे तरंगते बोये ठेवले आहेत. त्यांच्या सावलीला मासे जमतात, माशांमागे होड्या येतात आणि जाळी-दोरखंडांत अडकून उपकरणांची मोडतोड होते. मच्छीमारांना या नोंदींचे महत्त्व समजावून सांगणे हाही त्या संस्थेच्या कामाचा भाग झाला आहे.

आता पावसाच्या अंदाजाकडे येऊ. समुद्राच्या अगदी वरच्या अडीच-तीन मीटर थरात संपूर्ण वातावरणाइतकी उष्णता मावते. हवा चार दिवसांत पालटते, समुद्र मात्र महिनोन्‌महिने आपली अवस्था धरून ठेवतो. म्हणूनच हंगामाचा अंदाज मुळात शक्य होतो. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात अतिशय तीव्र एल निनो, म्हणजे तेथील पाणी नेहमीपेक्षा तापण्याची अवस्था, होता आणि दुष्काळाची धास्ती होती, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उष्ण आणि पूर्व भाग थंड झाला होता. या झोक्याला १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ असे नाव दिले. २०१९ मध्ये तो पुन्हा जोरदार होता आणि त्या हंगामात देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हंगामी अंदाज देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. मंगळवेढ्याच्या एखाद्या शिवारात कोणत्या आठवड्यात किती पाऊस पडेल, हे तो सांगत नाही आणि त्याच्या भरवशावर पेरणीची तारीख ठरवू नये. पेरणीसाठी चार-पाच दिवसांचा अंदाजच पाहावा. त्या अंदाजाच्या गणितातही समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान असतेच.

प्रश्न : पाण्याखाली मोबाइल आणि जीपीएस का चालत नाही? मग खोल गेलेल्या पाणबुडीला आपली जागा कशी कळते? – इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे, त्यामुळे रेडिओ लहरी त्यात थोड्याच अंतरात शोषल्या जातात. मोबाइल आणि जीपीएस या दोन्हींचा आधार रेडिओ लहरीच असल्याने दोन्ही मुके होतात. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर पोहोचतो. विहिरीत पोहताना डोके पाण्याखाली असताना कोणी पाण्यातच दोन दगड एकमेकांवर आपटले, तर तो आवाज किती जवळून आल्यासारखा वाटतो, हे तू घरातील मोठ्यांना विचारून पाहा. वरचे जहाज ध्वनीचा स्पंद सोडते, पाणबुडी त्याला उत्तर देते आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. सहा हजार मीटर खोलीवरून विचारलेला प्रश्न जहाजावर पोहोचायला चार सेकंद लागतात आणि उत्तर परत यायला आणखी चार. तळाशी बसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्यानंतर एवढा वेळ थांबावे लागते.

प्रश्न : आमचे लेथचे वर्कशॉप आहे. ‘मत्स्य ६०००’ मध्ये माणसे बसतात तो भाग गोलच का, आणि पोलादाऐवजी टायटॅनियम का? – एक कारखानदार, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत

उत्तर : दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. सहा हजार मीटरवर तो सहाशेपट होतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे सहाशे किलो भार. एवढा भार सर्व बाजूंनी सारखा वाटून घेणारा आकार एकच, गोल. कोपरा किंवा सपाट पत्रा असेल तर भार तेथे एकवटतो. तीन माणसांसाठीच्या या गोलाचा आतील व्यास २.१ मीटर असून भिंत ८० मिलिमीटर जाडीची आहे. टायटॅनियमची मिश्रधातू वजनाच्या मानाने बळकट असते आणि खाऱ्या पाण्यात गंजत नाही. पोलादाचा गोल तेवढाच भार सोसेल असा केला, तर तो जड होतो आणि त्याला वर आणण्यासाठी तरंगते साहित्य तितकेच वाढवावे लागते.

खरी कसोटी जोडकामाची आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एवढ्या जाड टायटॅनियमला वेल्डिंग करताना आकारात थोडी जरी वाकडेपणाची खोट राहिली, तरी गोल त्या जागी चेपण्याचा धोका असतो. म्हणून जोडणीसाठी इस्रोच्या अनुभवाची मदत घेतली गेली. पाणबुडीचे नेहमीचे काम बारा तासांचे, तर संकटात आतील माणसे ९६ तास जगतील एवढी प्राणवायूची सोय, असा तिचा आराखडा आहे. २०२५ च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातील चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नॉटिल’ या पाणबुडीतून अटलांटिक महासागरात ४,०२५ आणि ५,००२ मीटरपर्यंत बुड्या घेतल्या. घाई न करता टप्प्याटप्प्याने खोली वाढवण्याचा हा मार्ग आम्हाला योग्य वाटतो. आत माणूस असताना दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : डाळिंब जहाजाने पाठवले तर परदेशात पोहोचेपर्यंत टिकते का? विमानाचे भाडे परवडत नाही. – एक बागायतदार, सांगोला

उत्तर : टिकते, आणि त्याचा दाखला आपल्याच भागातील आहे. सोलापूर परिसरातील डाळिंबांचे तीन किलोचे १,९०० खोके, म्हणजे ५.७ टन माल, ६ डिसेंबर २०२४ रोजी भारतातून समुद्रमार्गे निघाला आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोहोचला. अडतीस दिवसांच्या अशा प्रवासासाठी शीत कंटेनर लागतो. त्यातील संवेदक तापमान व आर्द्रता सतत नोंदवतात आणि जहाजावर किंवा दूरच्या कार्यालयात बिघाडाची सूचना देतात. काही कंटेनरमध्ये प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा अधिक ठेवून फळाचे श्वसन मंद केले जाते, म्हणजे ते अधिक काळ टिकते.

कंटेनर फळ थंड राखतो. रानातून आलेले तापलेले फळ तो लवकर थंड करू शकत नाही. म्हणून तोडणी सकाळी करावी, फळ त्याच दिवशी शीतगृहात घालून त्यातील उष्णता काढावी आणि मगच कंटेनर भरावा. माल उतरल्यावर निर्यातदाराकडून संपूर्ण प्रवासाचा तापमानाचा आलेख मागून घ्यावा. फळ खराब निघाल्याची तक्रार आली, तर बिघाड बागेत झाला, बंदरावर झाला की जहाजावर, हे त्या आलेखावरून बऱ्याच अंशी समजते, आणि पैसे कोणाचे कापायचे या वादात बागायतदाराच्या हातात तेवढाच कागद असतो.