खासगी जमिनीवरचा बोल्डर (दोराशिवाय चढायचा मोठा सुटा दगड): गेल्या वर्षी मोकळा होता, यंदा कुंपण. परवानगी कोणाची घ्यायची आणि पावसाळ्यानंतर दगड कधी चढण्याजोगा होतो?

परवानगी मालकाची. पण गावात विचारलंत तर लोक जमीन कसणाऱ्याचं नाव सांगतात आणि तो मालक असेलच असं नाही. जमिनीचा गट नंबर भूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर, शोधा आणि ऑनलाइन सातबारा काढा. कर्जत-मुरबाडकडे एका उताऱ्यावर चार-पाच भावंडं सर्रास असतात. एकाने हो म्हटलं तरी दुसरा कुंपण घालतो. 'इतर हक्क' वाचा, कुळाची नोंद तिथेच असते. दगड वनखात्याच्या हद्दीत असेल तर शेतकऱ्याच्या होकाराचा उपयोग नाही.

आता कुंपण का घातलं जातं ते. आमच्या चढणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जुना वाद आहे: दगडाचं लोकेशन सगळ्यांना पाठवावं की नाही? पाठवू नये, हे माझं तेव्हाही मत होतं. एकाने पाठवलंच. भात कापून भारे शेतात वाळत पडलेले, पुढच्याच रविवारी आठ क्रॅश पॅड (पडल्यावर लागू नये म्हणून खाली टाकायच्या जाड गाद्या) त्या भाऱ्यांवर. वाळलेल्या लोंब्यांवर वजन पडलं की दाणे झडतात, मातीतले दाणे कोणी वेचत बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात तार लागली. 'नम्रपणे बोललं की जमतं' म्हणणाऱ्यांनी ते दाणे बघायला हवे होते. त्या शेतकऱ्याची काहीही चूक नव्हती.

दगडाचं म्हणाल तर आपला बसाल्ट वरून दोन कोरड्या दिवसांत सुकतो, पण फटी आणि छिद्रं आत ओली राहतात. ओव्हरहँगच्या, म्हणजे बाहेर झुकलेल्या भागाच्या, बुडाशी तर आठवडाभरही पाझर चालतो. होल्डवर (हाताने धरायच्या कंगोऱ्यावर) बोटाच्या पेराने ठोका. पोकळ 'ठप्प' आवाज आला तर त्याला लटकू नका, गेल्या हंगामात कितीही वापरलेला असो. शेवाळ पूर्ण वाळू द्या, मग नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश नकोच, त्याने होल्ड गुळगुळीत होतो. लँडिंगची, म्हणजे पडायच्या जागेची, माती पावसात वाहून खालचे दगड उघडे पडतात, म्हणून पॅड जुन्या जागी डोळे झाकून टाकू नका. आधी काठीने गवत चाचपा, फुरसं असू शकतं. आणि ओव्हरहँगखाली आग्या मोहोळ दिसलं तर तो दगड त्या हंगामापुरता सोडा.

नदीकाठच्या दगडांना वरचा दोन दिवसांचा हिशोब लागू नाही, ते फार उशिरा सुकतात. भातकापणी संपेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर अर्धा होईतो, थांबता आलं तर थांबा. जायचंच असेल तर आदल्या दिवशी मालकाला फोन करा, गाड्या गावात लावा आणि पॅड पाठीवर घेऊन बांधावरून एका रांगेत जा.