आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर आहे. फक्त गाठ काढावी की पूर्ण स्तन?

तुम्ही लिहिलंय : डाव्या बाजूला अडीच सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणतात दोन्ही पर्याय चालतील, आणि ‘घरातले म्हणतात आता वय झालं, ठेवून काय करायचंय, सगळंच काढून टाका.’ आई काय म्हणते ते मात्र प्रश्नात कुठेच नाही. मी लिहायला बसले ती त्यामुळे.

मला हाच कॅन्सर झाला तेव्हा हेच वाक्य माझ्या थोरल्या दिरांनी ऐकवलं होतं. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, जाऊबाई, नणंद, तिचे यजमान आणि पेपर मागायला आलेले शेजारचे काका, एवढ्या सगळ्यांसमोर. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. भाऊजी म्हणाले, ‘‘मुळासकट काढून टाक, पुढची कटकट नको. तुला आता काय करायचंय ठेवून?’’ कोणी चकार शब्द काढला नाही. जाऊबाईंनी फाफड्याची बशी पुढे सरकवली आणि नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, ‘‘जवा दो ने गं (जाऊ दे गं), ते काळजीनंच बोलतात.’’ असेल काळजी. पण शरीर माझं, आणि त्यातलं काय कोणाच्या उपयोगाचं याचा हिशोब चहा पिता पिता चाललेला. नवरा नाही म्हणजे गरज नाही, इतका सरळ हिशोब. मी एवढंच म्हटलं की ते मी आणि डॉक्टर बघून घेऊ. त्यावर भाऊजी जे रुसले ते दिवाळीलाच बोलले.

खरं तर ‘मुळासकट’ हे त्यांनी हवेतून आणलेलं नव्हतं. त्यांच्या एका मावशींचं ऑपरेशन जुन्या पद्धतीनं झालं होतं. अमेरिकेतल्या हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं १८९४ मध्ये ती छापली : स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिकाग्रंथी (आपण त्यांनाही गाठीच म्हणतो), सगळं एकत्र काढायचं. मावशींचा तो हात कायमचा सुजला होता, ब्लाउजची एक बाही वेगळ्या मापाची शिवावी लागायची. हॉल्स्टेडची समजूत अशी की रोग गाठीपासून सलग बाहेर सरकत जातो, म्हणून जितकं मोठं कापाल तितकं बरं. पुढे बर्नार्ड फिशर हा तिथलाच सर्जन म्हणाला की ज्यांचा रोग पसरायचा त्यांच्या पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तातून निघून गेलेल्या असतात, छाती किती कापली यावर ते ठरत नाही. नुसतं म्हणाला नाही, १९७६ पासून चाचणी घेऊन दाखवलं. इटलीत व्हेरोनेसी या सर्जननं १९७३ पासून तेच केलं. दोन्हींचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले : पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन ठेवून गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. माझ्या सर्जननी हे फाइलच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. मी आयुष्यभर लायब्ररीत नोकरी केलेली, म्हणून नंतर स्वतः वाचूनही काढलं. भाऊजींना झेरॉक्स दिली. ती त्यांनी वाचली असेल असं मला वाटत नाही.

तर तुमच्या आईपुरतं बोलायचं तर दोन्हीत जीव सारखाच वाचतो. मग ‘जास्त सुरक्षित’ म्हणून काढा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मी गाठच काढली आणि आजही तेच करीन.

मात्र गाठ काढली की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागतो, तिथे कंटाळा चालत नाही. फिशरच्या त्या चाचणीत शेक न घेतलेल्यांपैकी १०० मध्ये ३९ जणींना २० वर्षांत त्याच स्तनात रोग परत आला, घेतलेल्यांपैकी १४ जणींना. पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे, आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत, १५ बैठकांत होतं. सोय वडोदऱ्यातच आहे. डावी बाजू आहे म्हणून हृदय वाचवायला श्वास रोखून शेक देतात का, हे नक्की विचारा. कातडी काळवंडते, थकवा येतो, तो स्तन थोडा लहान आणि घट्ट होतो. काखेचंही विचारा. काखेतल्या सगळ्या गाठी न काढता निळा रंग टोचून पहिल्या एक-दोनच तपासता येतात, त्यानं हात सुजायची भीती पुष्कळ कमी होते. रंगामुळे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी होते. मी घाबरले, सिस्टरबेन हसत सुटल्या.

‘पूर्ण काढलं की केमो टळतो’ हेही घरातले सांगतीलच. टळत नाही. केमो रोगाच्या जातीवर आणि पसरण्यावर ठरतो, त्यासाठी ई.आर., पी.आर. (रोग हार्मोनवर वाढतो का) आणि हर-टू (रोग वाढवणारं एक प्रथिन) यांचे बायोप्सीवरचे रिपोर्ट लागतात. काखेत रोग जास्त निघाला तर पूर्ण काढूनही शेक लागतो.

वयाबद्दल एक सांगते. पुढे काही वर्षांनी भाऊजींनाच प्रोस्टेटचा त्रास झाला. सत्तरी उलटलेली. काय काढायचं, काय ठेवायचं यासाठी तीन डॉक्टर झाले, एक मुंबईचा. तेव्हा कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला आता काय करायचंय ठेवून. माझ्या जिभेवर आलं होतं, पण जाऊबाईंकडे बघून गिळलं. तुमच्या घरातल्या पुरुषांना मात्र तुम्ही खुशाल विचारा.

आता हेही खरं की काहींना काढावंच लागतं. वेगवेगळ्या भागांत गाठी असतील, मॅमोग्राफीत चुन्याचे कण सगळीकडे पसरलेले असतील, त्या छातीला आधी शेक झाला असेल, किंवा काढलेल्या भागाच्या कडांना दुसऱ्या ऑपरेशननंतरही रोग दिसला, तर वाद घालू नका. स्तनाच्या मानानं गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते का ते विचारा. घरात आणखी कोणाला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, त्यानं निर्णय बदलू शकतो. आणि माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका बाईंनी, छोटा उदेपूरहून रोज शेकाला येणं शक्य नाही म्हणून, विचार करून पूर्णच काढलं. ठणठणीत आहेत. त्यांचा निर्णय त्यांनी घेतला होता, दिरांनी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे आईला खुर्चीत बसवा आणि तुम्ही बाहेर थांबा. हो, बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, लॅबकडून मागून ठेवा. दुसरं मत घ्यायला टाटाला किंवा अहमदाबादला गेलात तर तो लागतो.