वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं: दूतावासात निर्वासितांचं काम असतं तरी काय?

या वेळी पत्रांत परराष्ट्र खातं, दूतावास, निर्वासित असेच प्रश्न जास्त आले म्हणून तेच घेतले. मी दिल्लीत एका युरोपियन देशाच्या दूतावासात मायग्रेशन विभागात लोकल स्टाफ होते, त्यामुळे आतलं थोडंफार माहीत आहे.

प्रश्न: ताई, मी नागपुरात लॉ च्या चौथ्या वर्षाला आहे. रेफ्युजी लॉ चा पेपर घेतला तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे की दूतावासात किंवा जिनिव्हाच्या मिशनमध्ये, म्हणजे यूएनसाठीच्या देशाच्या कार्यालयात, निर्वासितांच्या धोरणावर काम करायचं. घरचे म्हणतात आधी यूपीएससी दे. मैत्रीण म्हणते भारताने निर्वासितांच्या १९५१ च्या करारावर सहीच नाही केली, मग इथल्या पोरीला ते काम मिळणार कसं? खरं काय? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर: सही नाही हे खरंय, १९५१ चं कन्व्हेन्शन नाही आणि त्याला जोडलेला १९६७ चा प्रोटोकॉलही नाही. पण म्हणून काम नाही असं नाही गं. यूएनएचसीआर म्हणजे यूएनची निर्वासितांसाठीची संस्था, तिची जी एक्झिक्युटिव्ह कमिटी आहे, सगळे एक्सकॉम म्हणतात, तिच्यात भारत १९९५ पासून आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निर्वासितांचा आणि स्थलांतराचा असे दोन ग्लोबल कॉम्पॅक्ट, म्हणजे जागतिक समझोते, यूएनमध्ये मताला आले, दोन्हींना भारताने हो म्हटलं. स्थलांतरवाल्याला १५२ मतं पडली, विरोधात फक्त ५, आणि त्या पाचांत अमेरिका. उलट सही नाही म्हणून बोलावं जास्त लागतं, की बाबांनो आम्ही करारात नाही पण तिबेटी आमच्याकडे आहेत, श्रीलंकन तमिळ आहेत, १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं आली ती आम्हीच सांभाळली.

आता जरा कडू सांगते. मिशनमधला माणूस निर्वासितांच्या बाजूने बोलत नसतो, तो सरकारच्या बाजूने बोलतो, मग सरकार आपलं असो की मी जिथे होते तसं दुसऱ्याचं. एक्सकॉमची मोठी बैठक ऑक्टोबरमध्ये असते पण मसुद्यावर घासाघीस त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू, ज्या मजकुरावर एकमत नाही तो चौकोनी कंसात जातो आणि दिवसचे दिवस तो कंस काही सुटत नाही. प्रत्येक बदल दिल्लीला कळवायचा. दिल्ली उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे जिनिव्हात दुपारी जेवून आल्यावर मुद्दा निघाला की इकडे ऑफिस सुटायची वेळ झालेली, उत्तर उद्या येणार, आणि तोवर तू हॉलमध्ये 'सूचना यायच्या आहेत' एवढंच म्हणत बसायचं. तुझं स्वतःचं मत काय हे तिथे कोणी विचारत नाही, विचारलं तरी सांगायचं नसतं.

दिल्लीतल्या दूतावासात तर निर्वासित कमी आणि परत पाठवायची माणसं जास्त. माझ्या टेबलावर काय यायचं ते सांगते. तिकडे कोणाचा तरी आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला, तो भारतीय आहे असं त्या देशाचं म्हणणं, पासपोर्ट त्याने कधीच फेकलेला. भारत म्हणणार आधी आमचाच आहे का ते बघू, आणि त्यात काही चूक नाही. मग एक फॉर्म, त्यावर फोटो, नाव, बापाचं नाव, गाव, तहसील, पोलीस ठाणं. गावाचं स्पेलिंग तिकडच्या क्लार्कने ऐकलं तसं लिहिलेलं, त्यामुळे कधी कधी गाव सापडतच नाही. सापडलं तर पोलीस घरी जाऊन विचारणार की हा तुमचाच पोरगा का. घरच्यांनी हो म्हटलं, कागद जुळले, की इमर्जन्सी सर्टिफिकेट निघतं, म्हणजे फक्त परत यायच्या प्रवासापुरतं चालणारा कागद. आमचं काम काय, तर हे कुठे अडलंय त्याची स्मरणपत्रं पाठवत राहायची. त्या फॉर्मवर तो पोरगा घरून का निघाला होता याला रकानाच नाही. एजंटला किती दिले, शेत विकलं का, काहीच नाही.

आणि हे एकटं चालत नाही बरं का, सोबत दुसरी बाजू असते. फ्रान्सशी २०१८ ला, जर्मनीशी डिसेंबर २०२२ ला, इटलीशी २०२३ ला भारताचे मायग्रेशन-मोबिलिटी करार झाले. आपल्याला पोरांसाठी, नर्सेससाठी, कामगारांसाठी व्हिसा मोकळे हवे असतात, त्यांना बेकायदा राहिलेले परत घेतलेले हवे असतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात. मला विचारशील तर या सगळ्यात डोक्याला सगळ्यात जास्त खाद्य इथेच आहे, पण कोर्टात निर्वासिताची बाजू मांडायची हौस असेल तर इथे जीव गुदमरेल.

रस्ते म्हणशील तर यूपीएससीतून आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, आहेच, जुन्या मॉरिस कॉलेजातलं सरकारी प्रशिक्षण केंद्र तुला घरापासून जवळ पडेल. पण पोस्टिंग तुझ्या हातात नसतं, निर्वासितांचं काम सगळ्या नोकरीत एखाद-दोनदा वाट्याला आलं तर आलं. आखातात गेलीस तर कामगारांचंच काम पुरून उरेल, १९८३ चा एमिग्रेशन कायदा, दहावी न झालेल्यांचे ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणारे) पासपोर्ट, पगार अडकलेले, मालकाने पासपोर्ट दाबून ठेवलेला, आणि परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी २००९ पासून चालू असलेल्या वेल्फेअर फंडातून कोणाला तरी तिकीट काढून द्यायचं. ते मला तरी जिनिव्हाच्या कंसांपेक्षा मोठं काम वाटतं. म्हणून यूपीएससी दे, पण फक्त निर्वासितांसाठी नको देऊ. दुसरा रस्ता म्हणजे दिल्लीतल्या परदेशी दूतावासांत लोकल स्टाफ, जाहिराती त्यांच्याच वेबसाइटवर येतात, लॉ ची डिग्री चालते, आणि दोन पानांत मुद्द्याचं लिहिता आलं पाहिजे. तिसरं यूएनएचसीआर, ते मिशन नव्हे, लोक गल्लत करतात. दिल्लीतल्या त्यांच्या ऑफिसात अफगाणी, म्यानमारहून आलेले लोक नोंदणीला येतात. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं मात्र सरकार स्वतःच बघतं. समोर माणूस बसलाय आणि त्याची हकीकत ऐकायचीय, हे तुला हवं असेल तर ते तिथे.

पण जिनिव्हा राहू दे, आधी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे गोठणगावला जाऊन ये, तिथे १९७० च्या दशकापासून तिबेट्यांची वसाहत आहे, थंडीत आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो ना तेच लोक. कोणी दाखवलं तर त्यांचं आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, नीट वाच. इथेच जन्मलेला माणूस कागदावर परदेशी कसा राहतो आणि परदेशी जायला त्याला पासपोर्टऐवजी पिवळं आयडेंटिटी सर्टिफिकेट काहून लागतं हे विचार. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेराकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत, तिकडेही जा. इंटरव्ह्यूत कन्व्हेन्शनची कलमं सगळेच सांगतात.

प्रश्न: माझी पोरगी दिल्लीत एका दूतावासात मायग्रेशन असिस्टंट म्हणून लागली. नातेवाईकांत मी डिप्लोमॅट झाली म्हणून सांगून राहिलो. जमते ना? (एक वडील, प्रतापनगर)

उत्तर: अभिनंदन काका, पण नाही जमत. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्याच देशातल्या परदेशी दूतावासात नोकरी करणाऱ्याला डिप्लोमॅटची सूट नसते, भारत सरकार देईल तेवढीच. ट्रॅफिकवाल्याने पकडलं तर दंड भरायचा. दुसरं म्हणजे पगारातून टॅक्स कापतात की स्वतः भरायचा हे तिला पहिल्याच महिन्यात विचारायला सांगा, बऱ्याच ठिकाणी कापत नाहीत आणि मग मार्चमध्ये धावपळ होते.

प्रश्न: आमचे आजोबा फाळणीत सिंधमधून आले. आता शेजारी एक कुटुंब आहे, २०१७ ला पाकिस्तानातून आलं, लाँग टर्म व्हिसावर आहे. एक जण म्हणतो दूतावासात ओळख आहे, नागरिकत्वाचं काम करून देतो. पैसे द्यावे का? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर: अजिबात नका देऊ. नागरिकत्व हे गृह मंत्रालयाचं काम, दूतावासाचं नाही. पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली तर तो रिन्यू करायला त्यांच्या दिल्लीतल्या हायकमिशनकडे जावं लागतं, तेवढाच काय तो संबंध. सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायदा, २०१९ चा, नियम मार्च २०२४ मध्ये आले, पण तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे, त्यामुळे २०१७ वाल्यांना त्यातून नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या नेहमीच्या रस्त्याने जावं लागेल. २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना हे अर्ज निकाली काढायचे अधिकार दिले, त्यात नागपूर होतं. तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरा, लाँग टर्म व्हिसाची मुदत मध्ये तुटू देऊ नका, आणि चौकशी करायची तर सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात करा, दिल्लीतल्या ओळखीवाल्याकडे नको.